ती कोण, हे आपल्याला माहीत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहान शहरातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. शहर, क्लब, खेळाडू किंवा कुटुंब ओळखता येईल असं काहीही इथं ठेवलेलं नाही.

ताईंचा नवरा तिथल्या हॉस्पिटलात रेडिओग्राफर आहे. तेरा वर्षांपूर्वी ते तिथं गेले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. शहराचा फुटबॉल क्लब खालच्या विभागातला, मैदान घरापासून चालत वीस मिनिटांवर. एका शनिवारी नवरा सहज मॅच बघायला गेला. शेजारच्या खुर्चीवरच्या निवृत्त बसचालकानं थर्मासमधला चहा पुढे केला, आणि तेव्हापासून हे घर त्या क्लबचं झालं. आता चार सीझन तिकिटं आहेत. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सोळाची.

क्लबचा एक खेळाडू मुलाचा फार लाडका. सुट्टीतल्या शिबिरात तो मुलांना शिकवायला यायचा. मुलाच्या जर्सीवर त्याचंच नाव. गेल्या महिन्यात बलात्काराच्या गुन्ह्यात ज्युरीनं त्याला दोषी ठरवलं, कैदेची शिक्षा झाली. मुलगा म्हणतो, हे खोटं आहे. नवरा म्हणतो, 'मैदानावरचं वेगळं, बाहेरचं वेगळं. अपिलात सुटेलही, चेड इव्हान्स नाही का सुटला?' एकदा जेवताना तो असंही म्हणाला, 'रात्री दोन वाजता त्याच्या हॉटेलवर गेली कशाला ती?' ताईंनी 'जाऊ दे, विषय बंद' म्हणून ताटं उचलली.

त्या विचारतात: मुलाला काय सांगू? जर्सीचं काय करू? पुढच्या वर्षीच्या तिकिटांचे पैसे भरायचे का? आणि शिक्षा भोगून तो परत आला तर? शेवटी एक ओळ आहे: 'मुलगी हल्ली मॅचला येत नाही, जीसीएसईचा अभ्यास आहे.' (जीसीएसई म्हणजे तिथली आपल्या दहावीसारखी परीक्षा.)

उत्तर

ताई,

जर्सी टाकू नका. तो शाळेत गेलेला असताना, त्याला न विचारता तर नकोच. तुम्ही लिहिलंय की धुवायच्या कपड्यांत ती वर आली, पाठीवरचं नाव दिसलं आणि तुम्ही ती उलटी करून मशीनमध्ये टाकली. वाळत घातली तीही उलटीच, शेजारणीला नाव दिसू नये म्हणून. मग तशीच घडी करून कपाटाच्या वरच्या फळीवर. मुलगा दोन दिवस शोधत होता आणि तुम्ही 'बघते हं' म्हणालात. त्या 'बघते'तून त्याला एवढंच कळलं की आईला याबद्दल काही बोलायचं नाही. अकरा वर्षांच्या पोराला एवढं पुरतं. तो दुसरीकडे विचारायला जातो, आणि ते दुसरीकडे म्हणजे बहुतेक वेळा मोबाइल असतो.

तुमच्या मुलाचं म्हणणं मी दोनदा वाचलं. 'आई, त्यानं चिखलात गुडघा टेकून माझ्या बुटाची नाडी बांधली होती.' तुम्हाला वाटतंय की हे त्याच्या डोक्यातून काढलं पाहिजे, म्हणजे त्याला खरं काय ते पटेल. मला तसं वाटत नाही. नाडी बांधली होती हे खरंच आहे. ते खोटं ठरवायला गेलात तर पोरगा तुमच्याशी भांडेल, आणि ते भांडण तो जिंकेल, कारण तो तिथं होता. त्याला सांगायचं ते एवढं: 'तुझ्याशी तो चांगला वागला, ते तू पाहिलंस. त्या बाईशी तो काय वागला, ते तू पाहिलं नाहीस, मीही नाही. पण कोर्टात बारा माणसांनी दोन्ही बाजू दिवसच्या दिवस ऐकल्या आणि मग ठरवलं.' तिथली ज्युरी म्हणजे रस्त्यावरून उचलावी तशी साधी माणसं: कुणी दुकानदार, कुणी शिक्षिका, कुणी तुमच्या त्या बसचालकासारखं. त्यांना खात्री वाटली तरच दोषी म्हणायचं असतं, आणि बारांपैकी निदान दहा जणांचं एकमत लागतं. अकरा वर्षांच्या मुलाला हे समजतं. वर्गात मॉनिटर निवडण्याइतकं हे सोपं नाही, हेही समजतं.

शब्दांचंही बघा. तुम्ही त्याला सांगितलंत, 'त्याच्या हातून चूक झाली.' ताई, पेनल्टी बाहेर मारणं ही चूक. हा गुन्हा आहे आणि मुलाला गुन्हा हाच शब्द द्या. 'एका बाईची इच्छा नसताना त्यानं तिच्या शरीरावर जबरदस्ती केली' हे वाक्य उच्चारायला आपल्याला जड जातं. आपल्या आयांनी ते आपल्यापुढे कधी उच्चारलंच नाही. आपण 'तसलं काहीतरी' म्हणतो आणि मुलं 'तसलं' म्हणजे काय ते भलतीकडून शिकतात. इंग्लंडात सप्टेंबर २०२० पासून नातेसंबंधांचं शिक्षण प्राथमिक शाळेतही सक्तीचं आहे, म्हणजे संमतीबद्दल तुमच्या मुलाच्या कानावर बहुधा आलेलं असणार. कायद्यातली व्याख्याही अवघड नाही. २००३ च्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात म्हटलंय, संमती म्हणजे स्वतःच्या निवडीनं दिलेला होकार, आणि ती निवड करायचं स्वातंत्र्य आणि क्षमता त्या माणसाकडे असली पाहिजे. यात वेळ किती वाजली होती ते कुठंच नाही. हॉटेल कुणाचं होतं तेही नाही.

इथं थोडं थांबून एक अवघड गोष्ट विचारते. तो खेळाडू शिबिरात शिकवायचा, बुटाच्या नाड्या बांधायचा, सह्या द्यायचा. त्याच्यावरचा गुन्हा एका प्रौढ स्त्रीबाबतचा आहे, आणि त्यावरून मुलांबद्दल काही गृहीत धरायचं कारण नाही. तरीही मुलाला एकदा साधेपणानं विचारा: 'शिबिरात तुला कधी कुणाचं काही विचित्र वाटलं का? कुणाचंही.' उलटतपासणी नको, चेहरा घाबरलेला नको, एकदाच आणि सहज. एरवी हे विचारायला आपण धजत नाही, कारण नामांकित माणसाबद्दल अशी शंका घेणं आपल्याला उद्धटपणा वाटतो.

संडरलंडचा ॲडम जॉन्सन आठवा. इंग्लंडकडून खेळलेला माणूस. २०१६ मध्ये ब्रॅडफर्डच्या कोर्टानं लैंगिक गुन्ह्यांसाठी त्याला सहा वर्षांची कैद दिली. पीडित मुलगी १५ वर्षांची, त्याच क्लबची चाहती होती, आणि जर्सीवर सही देण्याच्या निमित्तानं तो तिला गाडीत भेटला होता. मार्च २०१५ मध्ये अटक झाल्यावरही तो पुढचे कित्येक महिने क्लबकडून खेळत राहिला. खटला सुरू होताना त्यानं काही आरोप स्वतःच कबूल केले, तेव्हा क्लबनं त्याला काढलं. नंतर क्लबच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पद सोडावं लागलं. त्याआधीची पिढी बॅरी बेनेलच्या हाताखालून गेली. क्रू अलेक्झांड्रासारख्या लहान क्लबातला हा नावाजलेला प्रशिक्षक. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याचा एक जुना विद्यार्थी, अँडी वुडवर्ड, नाव-चेहरा न लपवता पुढे आला, मग इतर आले, आणि २०१८ मध्ये बेनेलला मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल ३० वर्षांची कैद झाली. चाळिशी ओलांडलेली माणसं तेव्हा पहिल्यांदा बोलत होती. लहानपणी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आता तिथं मुलांचं फुटबॉल चालवणाऱ्या प्रत्येक क्लबात एक वेल्फेअर ऑफिसर असतो. त्यांना ईमेल करा आणि विचारा, शिबिरांच्या वेळी मुलांबरोबर कोण-कोण असायचं, आणि पालकांशी क्लब याबद्दल बोलणार आहे का. हे विचारणं भांडखोरपणाचं नाही. उत्तर आलं नाही तर मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या एनएसपीसीसी या संस्थेची मदतवाहिनी आहे: ०८०८ ८०० ५०००.

आता तुमच्या नवऱ्याबद्दल. मला त्याचा राग आलेला नाही, हे आधी सांगते. परक्या गावात ज्या जागी पहिल्यांदा कुणी नावानं हाक मारली, ती जागा डागाळली की माणूस बावरतो. तो खेळाडूचा बचाव करतोय असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं तो त्या खुर्चीचा, त्या थर्मासचा आणि स्वतःच्या तेरा वर्षांचा बचाव करतोय. हे त्याच्या लक्षात आणून दिलंत तर बोलणं सोपं होईल. 'तुझा क्लब कुणी काढून घेत नाहीये' हे त्याला तुमच्या तोंडून ऐकायची गरज आहे.

पण त्यानं चेड इव्हान्सचं नाव घेतलंय, तर ती हकिगत पुरी सांगायला हवी. इव्हान्स शेफील्ड युनायटेडचा, क्लब तेव्हा तिसऱ्या श्रेणीत. एप्रिल २०१२ मध्ये तो बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला, पाच वर्षांची शिक्षा झाली, निम्मी भोगून ऑक्टोबर २०१४ मध्ये सुटला. एप्रिल २०१६ मध्ये अपील कोर्टानं तो दोषी असल्याचा निकाल रद्द केला आणि ऑक्टोबरमध्ये कार्डिफला झालेल्या फेरखटल्यात ज्युरीनं त्याला निर्दोष ठरवलं. म्हणजे तो आज निर्दोष आहे, आणि हे कुणीही चाचरत सांगायचं कारण नाही. निकाल बदलू शकतात, म्हणूनच अपील असतं. तुमच्या शहरातल्या खेळाडूलाही तो रस्ता खुला आहे. मात्र तो रस्ता कोर्टातून जातो. आज निकाल आहे तो दोषी असल्याचा. उद्या बदलला तर मुलाला उद्या सांगाल, आणि तेव्हाही तितकंच सरळ सांगाल.

त्या हकिगतीचा दुसरा भाग नवऱ्याच्या चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात फिरत नसेल. २०१२ चा निकाल लागताच तक्रार करणाऱ्या तरुणीचं नाव लोकांनी ट्विटर-फेसबुकवर टाकलं. इंग्लंड-वेल्समध्ये अशी तक्रार करणाऱ्या व्यक्तीचं नाव आयुष्यभर गुप्त ठेवायचं असतं, तसा १९९२ चा कायदा आहे, आणि आरोपी पुढे सुटला तरी ते संरक्षण जात नाही. नऊ जणांवर खटला झाला, प्रत्येकाला ६२४ पौंड त्या तरुणीला द्यावे लागले. हा गुन्हा आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिला नाव बदलून राहावं लागलं, पुन्हा पुन्हा घर बदलावं लागलं. म्हणून नवऱ्याला एवढं नक्की सांगा: ग्रुपात कुणी नाव टाकलं, फोटो टाकला, नुसतं 'ती अमुक दुकानात काम करणारी' असं लिहिलं, तरी पुढे पाठवायचं नाही, आणि 'हे काढून टाक' असं तिथंच लिहायचं. हॉस्पिटलची नोकरी आहे. एवढ्याशा फॉरवर्डनं ती धोक्यात येऊ शकते.

पण नोकरीपेक्षा मोठी गोष्ट मला सांगायची आहे, आणि खरं तर त्यासाठीच हे उत्तर लिहायला घेतलं.

ती कोण आहे, हे तुम्हाला माहीत नाही. तुमच्या नवऱ्याला माहीत नाही, माहीत असायलाही नको. पण मग ती कुणीही असू शकते, नाही का? लहान शहर आहे. सुपरमार्केटात तुमच्या बिलाची पावती फाडून देणारी असेल. तुमच्या बसमध्ये दोन रांगा पुढे बसलेली असेल. उद्या खांदा दुखावला म्हणून तुमच्या नवऱ्याच्या एक्स-रे टेबलावर येऊन झोपणारी असेल, आणि तो तिला म्हणेल, श्वास रोखून धरा. ती नसेल तर तिची बहीण असेल, तिची आई असेल, तिच्यासारखंच सोसलेली आणि कधीच कुठं न बोललेली दुसरी कुणी असेल. 'रात्री दोन वाजता गेली कशाला' हे वाक्य स्टँडमध्ये मोठ्यानं म्हटलं की ते यांच्यातल्या कुणाच्या कानावर पडतं ते कळायला काही मार्ग नाही. त्या जर्सीचंही तेच. मुलाला ती घरात ठेवू दे, हवी तर उशीखाली ठेवू दे. ती घालून बाहेर मात्र नको. का, ते सांगा: 'ती बाई याच गावात असेल. तिनं ते नाव तुझ्या पाठीवर वाचावं असं तुला वाटतं का?' बुटाची नाडी बांधलेली लक्षात ठेवणारं पोर आहे. त्याला हे कळेल.

मी पंधरा वर्षांची होते तेव्हा आमच्या पेठेत एक कबड्डीपटू होता. जिल्ह्याकडून खेळलेला, संध्याकाळी मुलींच्या संघाला शिकवायचा. संघातल्या एका मुलीनं घरी काहीतरी सांगितलं. नेमकं काय, ते आमच्यापर्यंत आलंच नाही. आलं ते एवढंच, की तिनं त्याच्यावर आळ घेतला. पोलिसात काही गेलं नाही, त्यामुळे खरं काय घडलं ते मी आजही सांगू शकत नाही. पण त्या मुलीनं काय ऐकलं ते मी सांगू शकते, कारण तेच मीही ऐकत होते. नळावर, पिठाच्या गिरणीत, देवळाच्या पायरीवर. 'तो तसा नाहीच.' 'एवढ्या मुली शिकतात, हिलाच कसं?' त्या वर्षीच्या गणपतीच्या अहवालात त्याचं नाव मार्गदर्शक म्हणून होतं आणि तिच्या वडिलांचं वर्गणीदारांच्या यादीत, १०१ रुपये. दोन्ही नावं एकाच पानावर. संक्रांतीला तिच्या आईला हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही. माझ्या आईनंही नाही, आणि 'का गं?' असं मी विचारलं नाही. उन्हाळ्यात त्यांनी बिऱ्हाड हलवलं. टेम्पोत चढवलेली तिची सायकल मला अजून दिसते. पुढे कधी माझ्यावर काही वेळ आली असती तर मी घरी सांगितलं असतं का? नसतं. आमच्या घरात उत्तर काय मिळेल, हे मला आधीच ऐकायला मिळालं होतं.

म्हणून तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मला सगळ्यात जड वाटते. चार पानांच्या पत्रात तुमच्या मुलीला एक ओळ आली आहे, आणि तीही अभ्यासाची. असेलही अभ्यास, जीसीएसईचं वर्ष आहे. पण ती त्या जेवणाच्या टेबलाशी बसली होती ना? बाबा काय म्हणाले ते तिनं ऐकलं, आणि आईनं 'जाऊ दे, विषय बंद' म्हणून ताटं उचलली तेही पाहिलं. तुम्ही भांडण टाळायला उठलात हे मला कळतं, मीही तशीच उठले असते. तिच्या बाजूनं मात्र बघा. तिला त्या रात्री असं दिसलं की या घरात एक जण बाईला जाब विचारतो आणि दुसरी विषय बंद करते. मुलाचा प्रश्न तुम्ही मला विचारलात. माझ्या मते मुलगा रडेल, चिडेल, आणि चार-सहा महिन्यांत दुसरा लाडका खेळाडू शोधेल. जास्त लक्ष हवंय ते मुलीकडे. तिच्यावर काही ओढवलंय असं मी सुचवत नाही. सोळाव्या वर्षी पार्ट्या, उशिराच्या बसा, मैत्रिणींची घरं हे सगळं आता सुरू होणार, आणि कधी काही झालंच तर पहिला फोन घरी करायचा की नाही, हे ती बहुतेक याच महिन्यात ठरवतेय.

तुमच्या नवऱ्याला ते वाक्य परत घ्यायला लावा. तुमच्यापाशी नाही, मुलीपाशी. भाषण नको. 'त्या दिवशी मी बोललो ते चुकीचं होतं. कितीही वाजले असोत, कुठंही असलीस, तू फोन कर, मी न्यायला येईन, आणि का गेलीस असं विचारणार नाही.' बापाच्या तोंडून एवढंच पुरे. तो तयार होत नसेल तर त्याला विचारा, त्या रात्री कोर्टातल्या बाईच्या जागी आपली मुलगी असती तर ज्युरीनं आधी काय विचारावं असं त्याला वाटलं असतं. हा प्रश्न क्रूर आहे, मला माहीत आहे. एकांतात विचारा, आणि एकदाच.

तिकिटं आणि परतण्याचा प्रश्न उरला. पहिला सोपा आहे: क्लब म्हणजे तो खेळाडू नव्हे. निकालानंतर क्लब काय करतो ते पाहा. करार संपवला का, त्या स्त्रीबद्दल एक तरी शब्द नीट बोलले का, मैदानात कुणी तिच्यावरून घोषणा दिल्या तर थांबवतात का, दुकानात ते नाव छापलेल्या जर्सी बदलून देतात का. हे सगळं बरं असेल तर पैसे भरा आणि बसचालक आजोबांशेजारी जाऊन बसा. मुलीला मात्र विचारल्याशिवाय चौथं तिकीट घेऊ नका, आणि ती नको म्हणाली तर 'फॅमिली तिकीट स्वस्त पडतं' असं सांगून तिला ओढू नका.

दुसरा प्रश्न खरोखर अवघड आहे आणि त्यावर माझं मन बराच काळ इकडून तिकडे होत राहिलं. शिक्षा भोगलेल्या माणसाला काम मिळू नये, असं मी म्हणणार नाही. काम नसलेला, सगळ्यांनी वाळीत टाकलेला माणूस समाजाला जास्त धोक्याचा. अडीच वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेल्याचं नाव लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत बेमुदत राहतं, पत्ता पोलिसांना कळवत राहावा लागतो, म्हणजे त्याची वाट तशीही सोपी नसते. पण फुटबॉलपटूचं काम हे गवंडीकाम किंवा गोदामातलं काम नव्हे. त्यात टाळ्या येतात, पाठीवर नाव घेऊन हिंडणारी मुलं येतात. काम मिळणं हा त्याचा हक्क म्हणा. माझ्या मुलाच्या पाठीवर त्याचं नाव असणं हा कुणाचाच हक्क नाही.

लहान क्लबांची ही परीक्षा तिथं पुन्हा पुन्हा झाली आहे. इव्हान्स २०१४ मध्ये सुटला, तेव्हा निर्दोष ठरायला अजून दोन वर्षं होती. शेफील्ड युनायटेडनं त्याला सरावाला येऊ दिलं. दीड लाखाहून जास्त लोकांनी विरोधाच्या निवेदनावर सह्या केल्या. ऑलिंपिक विजेती जेसिका एनिस-हिल शेफील्डचीच, मैदानातल्या एका स्टँडला तिचं नाव होतं. त्याला करार दिलात तर माझं नाव काढा, असं ती म्हणाली. त्यावर तिलाच ट्विटरवर बलात्काराच्या धमक्या आल्या. क्लबनं पाऊल मागे घेतलं.

स्कॉटलंडमध्ये डेव्हिड गुडविलीचं प्रकरण आणखी निराळं. त्याच्यावर तेव्हा फौजदारी खटला उभा राहिला नव्हता, पण २०१७ मध्ये एडिनबरोच्या दिवाणी न्यायालयानं त्यानं बलात्कार केल्याचा निर्णय देऊन १ लाख पौंडांची भरपाई ठरवली. (दिवाणी दाव्यात पुराव्याची पातळी खालची असते, हा फरक लक्षात असू द्या.) त्यानंतरही तो पाच वर्षं क्लाइड नावाच्या लहान क्लबकडून खेळला, कप्तानही होता, फारसं कुणी बोललं नाही. जानेवारी २०२२ च्या शेवटी कर्कॉल्डीच्या रेथ रोव्हर्सनं त्याला घेतलं आणि मग मात्र गाव उठलं. लेखिका व्हॅल मॅक्डर्मिड त्या क्लबच्या जन्माच्या चाहत्या, त्यांचं नाव प्रायोजक म्हणून जर्सीवर होतं. त्यांनी ते काढून घेतलं. स्त्रियांच्या संघाच्या कप्तान मुलीनं संघ सोडला. काही दिवसांतच क्लबनं जाहीर माफी मागितली आणि तो आमच्याकडून खेळणार नाही असं सांगितलं. स्त्रियांच्या संघानं तरीही क्लबशी संबंध तोडले आणि मॅक्डर्मिड लेडीज या नावानं खेळायला लागल्या.

हे सगळं वाचताना मला एक दिसतं. गोल किती करतो हा हिशोब क्लबनं केला, आणि नको म्हणायचं काम प्रत्येक वेळी कुणातरी बाईवर पडलं. तुमच्या शहरात ती वेळ आली तर पहिलं पत्र तुमच्या नवऱ्यानं लिहावं असं मला फार वाटतं. बारा-तेरा वर्षांच्या सीझन तिकीटधारकाचं पत्र क्लब वाचतो.

आणि त्या माणसाबद्दल एक कसोटी मी स्वतःशी ठरवली आहे. शिक्षा भोगून आलेला माणूस काय केलं ते स्वतःच्या तोंडानं मान्य करतो का, तिला आणखी त्रास होऊ नये म्हणून चाहत्यांना गप्प बसवतो का? तसं असेल तर काम मिळण्याबद्दल मी त्याच्या बाजूनं बोलेन. तरीही मुलांचं शिबिर नाही, आणि जर्सी नाही.

भारतात राहणाऱ्या वाचकांनी हे दूरदेशीचं समजू नये. क्लास, आखाडा, क्रिकेटची ॲकॅडमी, नाचाचा वर्ग, सगळीकडे हेच गणित आहे. आपल्याकडेही पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. मूल पीडित असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार, कळल्यावर पोलिसांना न कळवणं हासुद्धा गुन्हा ठरतो. तेव्हा 'मुलीच्या लग्नाचं कसं होईल' म्हणून झाकणाऱ्या काका-मामांना हे स्पष्ट सांगा. मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१. इंग्लंड-वेल्समध्ये रेप क्रायसिसची चोवीस तासांची वाहिनी ०८०८ ५०० २२२२, आणि मुलांना स्वतःहून बोलायचं असेल तर चाइल्डलाइन ०८०० ११११. हे शेवटचे दोन नंबर फ्रिजवर चिकटवा. कुणाला वाचून दाखवायची गरज नाही, मुलं फ्रिज उघडतातच.

जर्सी आज संध्याकाळी खाली काढा आणि सुलटी घडी करून मुलाच्या हातात द्या. 'लपवली होती, मला सुचत नव्हतं म्हणून' असं सांगा. पुढचं त्याला बोलू द्या.

मुलीशी टेबलाशी समोरासमोर बसून बोलायला जाऊ नका, ती उठून जाईल. तिला कुठं सोडायला गाडीतून निघाल तेव्हा बोला, दोघींची नजर रस्त्यावर असेल. 'त्या दिवशी मी विषय बंद केला, ते मला नंतर बरं वाटलं नाही. तुला काय वाटतं त्या सगळ्याबद्दल?' ती 'काही नाही' म्हणाली तर 'बरं' म्हणा. पण लगेच रेडिओ लावू नका.